काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने पूर्ण होईल का? होईल, फक्त संध्याकाळचा एक तास पाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे की सातारचा एक २७ वर्षांचा मुलगा आयटीत नोकरी करतो, हायब्रिड सायकल आहे, एका दिवसात १०० किमी एकदाच केलेत, ४५ दिवसांची रजा मिळतेय आणि श्रीनगरहून कन्याकुमारीला एकट्याने जायचंय. घरचे म्हणतात वेड लागलंय, मित्र म्हणतात अर्ध्यातून परत येशील. पूर्ण होईल का आणि तयारी काय करू, असं विचारलंय.

होईल. मी बरीच वर्षं लांब पल्ल्याचं सायकलिंग करतोय, लोकांच्या अशा ट्रिपा प्लॅन करून देतो, आणि माझं ठाम मत आहे की धडधाकट माणूस तीन-चार महिने तयारी करून देश पार करू शकतो. जे अर्ध्यातून परत येतात ना, ते पाय संपले म्हणून क्वचितच परत येतात. गुडघा, बसायच्या जागेची जखम, हाताला मुंग्या, पोट, तुटलेला स्पोक, यातलं काहीतरी एक असतं आणि ते दोन-तीन दिवस आधी लहान असताना दिसत होतं, फक्त संध्याकाळी दमून आडवं पडल्यामुळे बघितलं गेलं नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, सायकलवरून उतरल्यावरचा पहिला एक तास पाळा. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो कारण तोच मुद्दा आहे, बाकी सगळं नेटवर सापडतं.

आधी हिशोब करू. श्रीनगर ते जम्मू साधारण २७०, जम्मू ते दिल्ली ५९० च्या आसपास, दिल्ली ते नागपूर १,०८०, नागपूर ते हैदराबाद ५००, हैदराबाद ते बेंगळुरू ५७०, आणि तिथून कन्याकुमारी ६८०. म्हणजे एन एच ४४, हा श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग, धरून ढोबळ ३,७०० किमी. आता ४५ दिवसांतले तीन दिवस जायला आणि तीन यायला गेले, राहिले ३९. त्यात पाच दिवस आराम हवाच, आठवड्याला एक तरी. राहिले ३४. म्हणजे रोज सरासरी १०९ किमी, ते पण सामान लादून. सपाटीवर हे जमतं, पण सुरुवातीच्या घाटात तुमचे दिवसाला ६०-७० च होणार आणि ती तूट पुढे रोज भरत बसावी लागणार. तुमच्या मॅनेजरकडून अजून एक आठवडा मागा, बिनपगारी का होईना. ५२ दिवस मिळाले तर सहा आरामाचे काढूनही सरासरी ९२-९३ वर येते आणि ट्रिपचा रंगच बदलतो. हा एक आठवडा तुमच्या सायकलच्या कुठल्याही अपग्रेडपेक्षा जास्त उपयोगी आहे हे मी अगदी मनापासून सांगतोय.

निघायचं कधी? ऑक्टोबरचा पहिला आठवडा. उशीर केला की पंजाब-हरियाणात पराली (भात कापल्यावर शेतात उरलेले खुंट) जळायला लागते, दिल्लीची हवा बिघडते, आणि डिसेंबरअखेर गेलात तर तिकडचं धुकं असं असतं की मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसतच नाही, त्यात सायकल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. पहिल्या आठवड्यात निघालात तर तिसऱ्या आठवड्यात दिल्ली पार होते. तोटा एवढाच की तामिळनाडूत नोव्हेंबरात पोचाल आणि तेव्हा तिकडचा ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो. पावसात भिजून सायकल चालवता येते हो, चाळीस डिग्रीत डांबरावर नाही चालवता येत. फेब्रुवारीअखेर निघणारे पण असतात, त्यांना तेलंगणा-रायलसीमात मार्चचं ऊन गाठतं, मी तो पर्याय सुचवत नाही.

तयारीसाठी सातारा म्हणजे उत्तम जागा मिळालीय तुम्हाला. आठवड्यात दोनदा सकाळी यवतेश्वर घाट चढा, नंतर नंतर मागच्या रॅकवर दहा किलो सामान लावून चढा. शनिवार-रविवार सलग दोन दिवस चालवायची सवय लावा, कारण एका दिवसात १०० करणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याच दुखणाऱ्या बुडाने परत ९० करणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. आणि निघायच्या महिनाभर आधी रंगीत तालीम करा, सातारा-कोल्हापूर, कोल्हापूर-बेळगाव आणि तसंच परत, चार दिवस, पूर्ण सामानासकट. हायवेची सवय होते, कुठली बॅग घासते, सीट किती वर पाहिजे, काय उगाच घेतलंय, सगळं कळतं. या चार दिवसांत गुडघा पुढून दुखला तर बहुतेक सीट खाली आहे, मागून दुखला तर सीट जास्त वर आहे, पाच-पाच मिमीने बदलून बघा. आणि जड गिअर दामटू नका, हलक्या गिअरवर मिनिटाला ८०-९० च्या आसपास पाय फिरले पाहिजेत, गुडघे त्यानेच वाचतात.

सायकल बदलायची गरज नाही, हायब्रिड चालेल. ३२ किंवा ३५ मिमी रुंदीचे चांगले टायर टाका, साखळी नवीन टाका पण निघण्याआधी दोन-तीनशे किमी चालवून घ्या, मागचं चाक चांगल्या मिस्त्रीकडून ट्रू करून (डुगडुग काढून सरळ) घ्या कारण सगळं वजन त्याच्यावर येतं आणि स्पोक तुटतो तो मागच्याच चाकाचा, बहुतेकदा गिअरच्या बाजूचा. त्या बाजूचे योग्य लांबीचे तीन-चार स्पोक फ्रेमला टेपने चिकटवून न्या. आणि एक वस्तू जी कोणी नेत नाही, डिरेलर हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, फ्रेमला ज्या छोट्या तुकड्याने जोडलेला असतो तो. लॉजच्या जिन्यात सायकल आडवी पडली तरी तो वाकतो किंवा तुटतो, प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा असतो आणि ललितपूर किंवा निर्मलसारख्या वाटेतल्या गावात तो मिळायची काही शक्यता नाही. किमतीने किरकोळ, खिशात मावतो, आणि नसेल तर आठवडा जातो. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर पितळी अ‍ॅडॉप्टर दोन घ्या, म्हणजे हवा भरायला कुठल्याही पेट्रोल पंपावर थांबता येतं.

पंक्चरबद्दल थोडं जास्त लिहितो. हायवेवर खिळ्याने पंक्चर कमी होतं, तारेने होतं. ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या चिंध्या कडेला पडतात, त्यातल्या केसाएवढ्या स्टीलच्या तारा सुट्या होऊन बरोब्बर त्याच पट्ट्यात पसरतात जिथून सायकल जाते. ही तार टायरमध्ये घुसते आणि बाहेरून दिसत नाही. लोक ट्यूब बदलतात, पाच किमीवर परत हवा जाते, परत बदलतात, मग म्हणतात ट्यूबच खराब होती. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून कापसाचा बोळा सगळीकडे हळूहळू फिरवायचा, तार असेल तिथे कापूस अडकतो. मग भुवया काढायचा चिमटा असतो ना, त्याने ती ओढून काढायची. बोटाने काढायला जाल तर अर्धी आत मोडेल. हा चिमटा आणि थोडा कापूस टूलकिटमध्ये पाहिजेच.

आता तो संध्याकाळचा, म्हणजे उतरल्यावरचा, एक तास. दुपारी दोन-तीनपर्यंत मुक्कामी पोचायचं, म्हणजे सकाळी उजेड फुटायला निघायचं आणि बारापर्यंत दोन तृतीयांश अंतर उरकायचं. पोचल्यावर पलंगावर बसायचं नाही, बसलात की संपलं. पहिल्यांदा काहीतरी खायचं, जे मिळेल ते, केळी, दूध, दहीभात, अर्ध्या तासाच्या आत. मग आंघोळ, साबणाने नीट, आणि पॅडवाली चड्डी लगेच धुवायची. पिळून झाल्यावर कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळायची आणि टॉवेलवर उभं राहून पायाने दाबायची, निम्मं पाणी टॉवेल ओढून घेतो, मग उलटी करून पंख्याखाली, सकाळपर्यंत वाळते. ओली किंवा न धुतलेली चड्डी परत घातली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुळी उठते आणि त्या पुळीनेच माणूस घरी जातो. आतून दुसरी अंडरवेअर घालायची नाही, हे अजून पण पुष्कळांना माहीत नसतं. लालसर चट्टा जरी दिसला तरी रात्री जागा कोरडी आणि मोकळी ठेवा, सकाळी पेट्रोलियम जेली लावा, वाढतोय असं वाटलं तर आरामाचा दिवस तिथेच घ्या. एक दिवस गेला तर परत मिळतो, जखम चिघळली तर आठ दिवस गेले.

मग सायकल. दहा मिनिटं लागतात. चाक उचलून फिरवायचं, ब्रेकपाशी डुगडुगतंय का बघायचं. स्पोक जोडीजोडीने चिमटीत दाबत जायचं, एखादा ढिला लागला की लगेच कळतं. टायरवरून बोटं नको, फडकं फिरवायचं आणि रुतलेल्या काचा-खडे काढायचे. रॅकचे बोल्ट ॲलन कीने रोज तपासायचे कारण हायवेच्या थरथरीने ते हमखास सुटतात, आणि एक बोल्ट गळून पडला की सगळं वजन दुसऱ्यावर येऊन तो कापला जातो. साखळी पुसायची, दोन-तीन दिवसांनी तेल. शेवटी आपली तपासणी, करंगळी आणि अनामिकेला मुंग्या आहेत का? असतील तर हँडलवर भार जास्त पडतोय आणि मनगटाच्या बाजूची नस दाबली जातेय, सीटचं टोक खाली झुकलंय का बघा, उद्यापासून दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला. हे दुर्लक्ष केलं तर शर्टचं बटण लावता येत नाही अशी वेळ येते आणि बरं व्हायला आठवडे लागतात.

एवढं झालं की झोपा खुशाल. घरी एक फोन करा रोज ठरलेल्या वेळेला, आईवडिलांची निम्मी काळजी त्याने जाते. आणि हो, काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड करून घ्या निघायच्या आधी, नाहीतर पहिल्याच दिवशी फोन बंद आणि घरी हलकल्लोळ.

रस्त्याचं सांगतो, जिथे सांगण्यासारखं आहे तेवढंच. श्रीनगर ते जम्मू हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात देखणा तुकडा. बनिहाल-रामबन पट्ट्यात दरडी कोसळतात, रस्ता तासन् तास बंद राहतो, म्हणून जम्मू-काश्मीर ट्रॅफिक पोलिसांची रोजची सूचना बघूनच निघा आणि या टप्प्याला पाच दिवस ठेवा. काझीगुंड-बनिहालचा साडेआठ किमीचा नवा बोगदा आणि चेनानी-नाशरीचा नऊ किमीचा, यांत सायकल घालायची नाही. चेनानीला जुना रस्ता पटनीटॉपवरून जातो, दोन हजार मीटरच्या वर चढायला लागतं पण वरती देवदार आहेत आणि ट्रक नाहीत, मी तर म्हणेन बोगद्यातून सोडत असते तरी वरूनच जा. बनिहालला चौकीवर विचारा, ते सांगतील त्या रस्त्याने किंवा एखाद्या टेम्पोत सायकल टाकून पलीकडे जा, त्यात कमीपणा मानू नका.

पंजाबात गुरुद्वाऱ्यात विचारलं की राहायची आणि लंगरची सोय होते, डोकं झाकायचं, पंगतीत बसायचं, जमेल तेवढी भांडी घासून सेवा करायची. पानिपतला अर्धा दिवस नक्की काढा. काला आम हे लढाईचं स्मारक हायवेपासून लांब नाही, १४ जानेवारी १७६१ ला जे झालं त्या मैदानावर आपण आपल्या पायांनी पोचतो तेव्हा महाराष्ट्रातून बैलगाड्या घेऊन निघालेली ती माणसं किती लांब आली होती हे पहिल्यांदा अंगाला कळतं. दिल्ली रविवारी पहाटे पार करा, आदल्या रात्री सोनीपतच्या बाजूला मुक्काम, पाचला निघून नऊच्या आत बदरपूरच्या पलीकडे. पुढे मथुरा, आग्रा, धौलपूरनंतर चंबळ, मग ग्वाल्हेर-झाशी.

झाशी ते सागर हा पट्टा मनाला खातो. रस्ता चांगला, पण सरळच्या सरळ, वस्ती विरळ, आणि घरून निघून वीसेक दिवस झालेले असतात. इथे पुढचे किलोमीटर मोजू नका, पुढचा चहा मोजा, वीस-पंचवीस किमीवर एक असा. सागरनंतर बरमान घाटावर नर्मदा लागते आणि तिथे कुणीतरी परिक्रमावासी भेटतात, त्यांत मराठी माणसं खूप. एकमेकांना नर्मदे हर म्हणायचं, घाटावर पाय पाण्यात सोडून बसायचं, तिथल्या धर्मशाळेत रात्र काढायची. माझ्यासाठी सगळ्या रस्त्यातली ही सगळ्यात आवडती जागा आहे. सिवनीच्या पुढे पेंचचं जंगल, तिथे हायवे खांबांवर उचललाय आणि जनावरं खालून जातात, हा भाग फक्त भर दिवसा करायचा आणि थांबायचं नाही.

खवासाला महाराष्ट्र लागतो आणि नागपूरला झीरो माइलपाशी पोचलात की निम्म्याहून थोडं जास्त झालेलं असतं. इथे दोन दिवस थांबा. चांगल्या दुकानात सायकल खोलून सर्व्हिस करा, पुढचा-मागचा टायर अदलाबदल करा, साखळी किती ताणली गेली ते गेजने मोजून घ्या, ट्यूबचा साठा भरा. संत्र्याचा आंबिया बहार तेव्हा बाजारात यायला लागलेला असतो, भरपूर खा. पुढे हिंगणघाट, पांढरकवडा आणि पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणा, पण आदिलाबादपर्यंत मराठी चालतं त्यामुळे एकदम परकं वाटत नाही.

दक्षिणेत खाण्याची चैन आहे. इडली सायकलवाल्याला सगळ्यात चांगली, पोटाला जड नाही आणि दर दोन तासांनी मिळते. कर्नूल-अनंतपूरकडे सकाळी उग्गाणी आणि मिरचीभजी खा, चुरमुऱ्यांचा प्रकार आहे, आपल्या सोलापूरकडच्या सुशील्याचा सख्खा भाऊ. उन्हाचा घाम इथे जाणवायला लागतो, नुसतं पाणी ढोसू नका, मीठ गेलं पाहिजे, दिवसाला एक-दोन लिटर ओआरएस, आणि ते पुड्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्ध्या ग्लासात घट्ट करून नाही. भूक लागायच्या आधी खा, दर तासाला काहीतरी तोंडात टाका, चिक्की, खजूर, केळं.

धर्मपुरी ते सेलम मध्ये तोप्पूरचा घाट उतरायचा आहे आणि तिथे मला तुमची सगळ्यात जास्त काळजी वाटते. उतार लांब, लादलेल्या ट्रकचे ब्रेक तापून जातात आणि अपघात वारंवार होतात. सकाळी लवकर उतरा, डाव्या कडेला, वेगाचा मोह नको, मागून ट्रकची रांग येताना आरशात दिसली तर सरळ बाजूला थांबून जाऊ द्या. आरसा लावाच, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूला नसला तरी उजवीकडे हवा. अख्ख्या ट्रिपचा एकच नियम मोडायचा नाही, अंधारात हायवेवर सायकल नाही. मुक्काम दहा किमी राहिला असेल आणि सूर्य गेला असेल तरी जिथे आहात तिथे ढाबा, पेट्रोल पंप, पोलीस चौकी गाठा आणि विचारा, नाही म्हणणारा माणूस मला तरी क्वचितच भेटला.

कुत्री मागे लागली तर सायकलवरून उतरा आणि सायकल मध्ये धरा, बहुतेक तिथेच थांबतात. चावलंच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन सुरू करा, पुढचे डोस वाटेतल्या गावांत घेता येतात.

मदुराई-तिरुनेलवेलीनंतर शेवटच्या दिवशी आरलवायमोळीच्या खिंडीच्या परिसरात पवनचक्क्यांचं रान लागतं, ते लावलंय कारण तिथे वारा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो जून-सप्टेंबरच्या मान्सूनइतका उग्र नसतो पण आडवा झोत बसला तर सायकल हलते, तेव्हा तो दिवस ६०-७० चाच ठेवा आणि लवकर निघा.

आणि सायकल नेण्या-आणण्याचं. जाताना पुण्याहून झेलम एक्सप्रेसने जम्मू, सायकल पार्सल ऑफिसला दोन दिवस आधी नेऊन द्या, पेडल काढा, हँडल आडवं करा, डिरेलरभोवती पुठ्ठा बांधा, फ्रेमवर नाव, फोन आणि स्टेशन मोठ्या अक्षरात. जम्मूहून श्रीनगरला सुमो किंवा बसच्या टपावर. परत येताना नागरकोईल किंवा कन्याकुमारीहून पुणे-मुंबईकडे थेट गाड्या आहेत, पण पार्सल गाडीच्या शेवटच्या स्टेशनापर्यंतच बुक करा, मधल्या दोन मिनिटांच्या थांब्यावर ते उतरवतीलच याची खात्री नसते. परतीचं तिकीट आधी काढू नका. निदान मदुराईला पोचेपर्यंत नको, म्हणजे तारीख गाठायच्या नादात शेवटच्या आठवड्यात अंधारात चालवायची वेळ येणार नाही.